बाबांना मारायचा खेळ

आमच्या दारात माणूस आला की त्याचं नाव, गाव, काम विचारायच्या आधी त्याच्या हातात गूळ-पाणी द्यायचं, ही बाबांची शिस्त होती. मग तो पोस्टमन असो, विजेचं मीटर बघणारा असो, की शेजारच्याच्या ऐवजी चुकून आमच्याकडे शिरलेला असो. बाबा ओसरीवर बसूनच हाक मारायचे, "शालू, पाहुणे आले वं, पाणी आन," आणि मी अभ्यासाला बसलेली असले, केस धुतलेले असले, तरी तांब्या-भांडं आणि गुळाचा खडा घेऊन मला धावावं लागे. एकदा घर चुकलेल्या एका माणसाला मी नुसताच पत्ता सांगून वाटेला लावलं, तर बाबांनी स्वतः पळत जाऊन त्याला कोपऱ्यावरून परत आणलं आणि पाणी पाजून पाठवलं. मला राग यायचा. मला तसाही लवकर राग यायचा, अजून येतो. घरचे लोक सांगतील. पण दिवसभर त्या एका नावाच्या हाकेनं मी इतकी वैतागून जायची की हे नाव बदलून घ्यावं असं मला वाटे. पुण्यात माझी एक नणंद आहे, तिला नवल वाटतं की भिक्षुकाच्या घरात 'मले-तुले' कसं बोलत होते. बोलत होतो. मंत्र शुद्ध म्हणायचे आणि भाकर वऱ्हाडीत मागायची, यात आम्हाला कधी काही वावगं वाटलं नाही.

अमरावतीच्या राजापेठेत आमच्या दोन खोल्या होत्या आणि मागच्या भिंतीला लागून एक ट्यूशन क्लास होता. सकाळी इकडे बाबांचं रुद्र सुरू व्हायचं आणि तिकडे भिंतीपलीकडे सरांचं साइन थीटा, कॉस थीटा. पोट्टे ते एका सुरात म्हणायचे, आणि बाबांना त्याचा इतका सराव झाला होता की सुट्टीच्या दिवशी भिंत गप्प असली तर ते एखादा श्लोक विसरायचे. क्लास सुटला की लुना आणि स्कूटरींचा असा काही कल्लोळ उठायचा की आई स्वयंपाकघरातून दोन्ही कानांवर हात ठेवायची. खायला साधंच असायचं. ज्वारीची भाकर, कढीगोळे, पातोडीचा रस्सा, आणि पूजेहून बाबा शिधा आणायचे त्यातला भात. बाबा खुशीत असले की येताना गिलावडे आणायचे, कागद तेलानं पारदर्शक झालेला, आणि ते आईला पुढं करताना म्हणायचे, "घ्या, प्रसाद." आई हसायची नाही, पण पहिला वडा तीच घ्यायची.

ती वर्षं वऱ्हाडाला वाईट होती. आमच्याकडे शेत नव्हतं, पण ज्यांच्याकडे होतं त्यांच्याच लग्नामुंजींवर आमची चूल चालायची. आईचं माहेर शेंदूरजनाघाटचं. तिकडे संत्र्याच्या बागा वाळत चालल्या होत्या, आणि आईचे काका उभी झाडं तोडून लाकूड म्हणून विकायला लागले होते. यजमान म्हणायचे, "गुरुजी, लगन पुढच्या साली पाहू." मुंजी पुढच्या साली, वास्तुशांत पुढच्या साली. बोलावणी वाढली ती दुसऱ्याच कामाची. सरकारी दवाखान्यात फवारणीचं औषध पिऊन आणलेली माणसं असायची, आणि डॉक्टरांनी हात टेकले की घरचं कोणीतरी बाबांना न्यायला यायचं. बाबा खाटेजवळ उभे राहून गीतेचा अध्याय म्हणायचे, मग वाकून त्या माणसाच्या कानाशी तोंड न्यायचे आणि म्हणायचे, "राम म्हणा. नुसतं राम म्हणा." घरी आल्यावर बाहेरच्या नळावर आंघोळ करून ते ओल्या अंगानं कितीतरी वेळ तसेच उभे राहायचे. मला ते सांगायचे, "पोरी, शेवटच्या घडीले तोंडात देवाचं नाव यायले पायजे. अन् ते तवाच येते, जवा जलमभर घेतलेलं असते." याच्यावर त्यांचा दगडासारखा विश्वास होता. माणूस कसा जगला ते बाबा फार विचारायचे नाहीत, पण जाताना काय म्हणाला ते मात्र हटकून विचारायचे.

त्याच सुमारास अकोल्याला सिनेमावाले आले. अकोल्यात माझा मामा होता, त्यानं निरोप धाडला की कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनिंगमध्ये शूटिंग आहे, मुहूर्ताची पूजा सांगायला गुरुजी पाहिजेत, तर भाऊजींना पाठव. सिनेमाचं नाव मी इथं लिहीत नाही. पडेल सिनेमाला कशाला फुकटची प्रसिद्धी. गोष्ट दरोड्याची होती. एका बड्या व्यापाऱ्यानं जिनिंगमध्ये तळघर करून तिजोरी लपवलेली असते आणि एक टोळी ती लुटते. जिनिंग बंद पडली होती म्हणून तर त्यांना ती मिळाली. कापूस येत असता तर तिथं पाय ठेवायला जागा मिळाली नसती. बाबांनी पूजा सांगितली, नारळ फोडला, कॅमेऱ्याला कुंकू लावलं. पण दरवाज्यावरच्या राखणदाराचं काम करायला मुंबईहून जो नट आणला होता त्याला अकोल्याचं ऊन लागलं आणि तो खाटेवर पडला. दिग्दर्शकानं इकडे तिकडे पाहिलं आणि बाबांवर बोट ठेवलं. शेंडी टोपीत खोचून, धोतराच्या जागी खाकी विजार चढवून बाबा राखणदार झाले.

घरी आल्यावर ते लाजत लाजत सांगत होते. "मले फक्त उभं राहाचं होतं. तो टोळीचा माणूस आत आला, उन्हातून आला, लाल झालेला. मले मालूम होतं तो डाकू हाये म्हनून. पन माह्या तोंडातून निंगूनच गेलं, या बसा, गूळ-पानी घ्या. अन् हातातला किल्ल्यायचा जुडगा स्टुलावर ठेवला, अन् गेलो माठाकडे." आईनं विचारलं, "मग?" बाबा म्हणाले, दिग्दर्शक पोट धरून हसला आणि म्हणाला की हे असंच राहू द्या. "मग मागून एकजण येते अन् मले मारते. मी बेशुद्ध पडतो." आईला ते मारणं काही पसंत पडलं नाही, पण बेशुद्ध म्हटल्यावर तिनं पुढं विचारलं नाही.

सिनेमा अमरावतीला लागला तेव्हा आमची सगळी गल्ली बघायला गेली. बाबा आईच्या शेजारी धुतलेलं उपरणं घेऊन बसले होते. पडद्यावर बाबा आले तेव्हा शिट्ट्या पडल्या. ते वाकून माठातलं पाणी घेत होते, मागून एक गडी आला आणि लोखंडी दांडा घातला. बाबा पडले. आणि बेशुद्ध वगैरे काही नाही, टोपी गडगडत गेली, फरशीवर रक्त पसरलं, आणि टोळीतला एकजण नाडी बघून म्हणाला, "खलास." आई उभी राहिली. तिनं शेजारी बसलेल्या बाबांचं मनगट घट्ट धरलं आणि म्हणाली, "उठा. घरी चला." मागचे लोक "बसा, बसा" करत होते. बाबा तिला कुजबुजत सांगत होते, अवं मी हाये ना इथं, पण तिनं मनगट सोडलं नाही, थेट घरापर्यंत. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या बाया येऊन तिला समजावून गेल्या की असं झालं की माणसाचं आयुष्य वाढतं. तिनं मान डोलवली. सिनेमा लवकरच उतरला आणि आम्ही ते विसरलो.

पुढच्या उन्हाळ्याची गोष्ट. आमच्या कोपऱ्यावर जावेदभाईंचं दुकान होतं. आधी ते भाड्यानं व्हिडिओ कॅसेट द्यायचे, मग त्यांनी कॉम्प्युटर आणून पडदे लावून सायबर कॅफे केला. माणूस सज्जन, त्यांच्या अम्मीकडून दर ईदेला आमच्याकडे सुका मेवा यायचा, शिजवलेलं नाही, कारण त्यांना आमचं सगळं ठाऊक. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा निकाल बघायला तिथं गेले होते. एका पडद्याआड ट्यूशनचे पोट्टे दाटीवाटीनं बसले होते, आणि धप्, धप्, असे आवाज येत होते. जावेदभाई माझा बैठक क्रमांक टाकत होते. तेवढ्यात मला बाबांचा आवाज आला. "कोन हाये?" मी दाराकडे पाहिलं. दारात कोणी नव्हतं. मग धप्, आणि बाबा ओरडले, "अरे बापा, काहून मारता?" मी उठले. परत धप्. "अरे काहून मारता?" आणि मग, अगदी ओढलेल्या, तुटलेल्या आवाजात, "शालू… शालू वं…"

मी पडदा बाजूला केला. कॉम्प्युटरवर बाबा फरशीवर पडले होते. चेहरा ठोकळ्यासारखा होता, नाकाला टोक नव्हतं, पण खाकी विजारीत एक पाय किंचित बाहेर टाकायची त्यांची ठेवण तशीच्या तशी. एक पोट्टा बटण दाबत होता आणि हातात दांडा घेतलेला माणूस पडलेल्या बाबांना मारत होता, पुन्हा पुन्हा, काहीही कारण नसताना, आणि दर वेळी ते माझं नाव घेत होते. त्या पोट्ट्यांनी मागं वळून पाहिलं. एकजण म्हणाला, "ताई, थे शालू तुमीच काय?" मी त्याच्या कानाखाली वाजवली. मग निकाल न बघताच घरी आले. तो निकाल मला नंतर मैत्रिणीकडून कळला, आणि पास झाल्याचं काहीसुद्धा वाटलं नाही.

झालं होतं ते असं, आणि हे मला पुढं कळलं. दिग्दर्शकाच्या भाच्याची मुंबईला कॉम्प्युटरचे खेळ बनवायची कंपनी होती. आपल्या त्या दिग्दर्शक मामाच्या सिनेमावरून त्यानं खेळ काढला. दरोडा तोच, जिनिंग तीच, तळघर तेच. फक्त दरोडा घालणारा आपण. पहिल्याच पायरीवर राखणदाराकडून किल्ल्या घ्यायच्या, त्याशिवाय पुढं जाता यायचं नाही. सिनेमा पडला, पण खेळ पोट्ट्यांना आवडला. आणि राजापेठेतल्या पोट्ट्यांना तर राखणदार ओळखीचा. ते पुढं तळघरात जायचेच नाहीत. दारातच बाबांना मारत बसायचे.

मग गल्लीतून चालणं मला मुश्किल झालं. क्लास सुटायच्या वेळेला मी निघाले की मागून कोणीतरी बाबांचा आवाज काढायचं. "शालू… शालू वं…" मी वळून बघितलं की सगळे सायकलच्या चेनशी खेळत असायचे. चिडवायला माणसं काहीही शोधतात हे मला ठाऊक होतं, पण मरणाऱ्या बापाच्या आवाजात स्वतःचं नाव रस्त्यावर ऐकायचं, आणि संध्याकाळी घरी आल्यावर तोच आवाज म्हणणार, "शालू, पाहुणे आले, पाणी आन." मी पाणी आणायचं बंद केलं. बाबांशी बोलायचं बंद केलं. त्यांनी हाक मारली की मी उठून आतल्या खोलीत जायची. त्यांनी माझं नाव का दिलं त्या लोकांना? दुसरं काहीही ओरडता आलं नसतं? मला वाटायचं, सिनेमावाल्यांपुढं शहाणपणा करायला गेले आणि मला बाजारात बसवलं. हे मी आईला म्हणालेही. आई म्हणाली, "तोंड सांभाळ." पण तिचाही आवाज बसलेला होता.

बाबांना ते कळलं यजमानाच्या घरी. सत्यनारायण होता, बाबा कथा सांगत होते आणि कोपऱ्यात पोट्टे तोंड दाबून हसत होते. आरतीनंतर यजमानाच्या म्हाताऱ्या आईनं त्यांना बाजूला घेतलं. म्हणाली, "गुरुजी, राग नका मानू. आमचे पोट्टे म्हनतात, तुमाले रोज मारतात म्हनून. मेलेल्या मानसाच्या हातून मंगल कार्य, मनाले बरं नाई वाटत. नातवाच्या लगनाले आमी दुसरं पाहतो." एवढ्या वाईट सालात ते एक लग्न ठरलं होतं, शेंदूरजनाघाटला, आईच्या माहेरच्या ओळखीत, आणि तेही गेलं. मग हळूहळू सगळ्यांना ते पटत गेलं. माणूस जिवंत दिसतोय, सोवळं नेसून समोर बसलाय, पण ज्यानं त्याला एकदा मरताना बघितलं त्याला त्याच्या हातची अक्षता डोक्यावर नको झाली. बाबांचं सकाळचं रुद्र चुकलं नाही. पण दवाखान्यातून माणूस बोलवायला आला तेव्हा पहिल्यांदाच ते म्हणाले, "मले नका नेऊ." त्या माणसाला त्यांनी गूळ-पाणी दिलं, स्वतः उठून, आणि परत पाठवलं. मला ते विचित्र वाटलं. लग्नं हातची गेली म्हणून दुखावलेला माणूस हे काम कशाला सोडेल, हे काही माझ्या लक्षात येईना.

एका दुपारी आईनं भांडी घासून हात पुसले, नऊवारीचा पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतला आणि म्हणाली, "चाल माह्यासंगं." ती जावेदभाईंच्या दुकानात शिरली तशी ते उभेच राहिले. "काकू, तुमी? बसा बसा. काय झालं?"

"मले दाखव," आई म्हणाली. "यायले मारतात थो खेळ."

जावेदभाईंचा चेहरा उतरला. "काकू, रहने दो ना. नका पाहू. मी काढूनच टाकतो आजच. खुदा कसम, मले आधी मालूमच नवतं थे गुरुजी हायेत म्हनून."

"काढशीन मग. आधी दाखव."

तिला आम्ही खुर्चीत बसवलं. पोट्टे गप्प होऊन मागं सरकले, पण गेले नाहीत. खेळ सुरू झाला. जिनिंगचा मोठा दरवाजा, आत पिवळं ऊन, कोपऱ्यात माठ, एक स्टूल, आणि हातात किल्ल्यांचा जुडगा घेऊन येरझारा घालणारे बाबा. आई पुढं वाकली. "त्यायची चाल पाह्य," ती मला म्हणाली, "डावा पाय तसाच टाकते." बाबांनी तिच्याकडे पाहिलं, म्हणजे आमच्याकडे, आणि म्हणाले, "कोन हाये?" मागून एक पोट्टा सवयीनं म्हणाला, "काकू, थे लांब बटन दाबा, लवकर." आईनं दोन्ही हात मांडीवर ठेवले होते. ती म्हणाली, "थांब रे. बोलून राहिले ना थे."

आम्ही सगळे थांबलो. आणि जे त्या दुकानात तोवर कोणीही बघितलं नव्हतं ते झालं. बाबा जवळ आले. म्हणाले, "या, बसा. उन्हातून आले. गूळ-पानी घ्या." त्यांनी हातातला जुडगा स्टुलावर ठेवला आणि ते वळून माठाकडे गेले, तांब्या भरला, दोन्ही हातांनी धरून आणला आणि पुढं केला. कॉम्प्युटरच्या काचेतून तो तांब्या आईच्या तोंडापर्यंत आल्यासारखा दिसला. किल्ल्या तिथंच स्टुलावर पडल्या होत्या. जावेदभाईंनी कपाळाला हात लावला. "या अल्ला. म्हंजे मारायचं कामच नवतं. पोट्टेहो, तुमी जरा थांबले असते तं त्यायनं स्वतःच ठेवल्या असत्या किल्ल्या." पोट्टे एकमेकांकडे बघत होते. मी आईकडे पाहिलं तर ती हसत होती, तोंडभर, मी कितीतरी महिन्यांत बघितलं नव्हतं तशी. "असेच हायेत थे," ती म्हणाली. "चोराले बी पानी पाजतीन. आता घे बापा किल्ल्या अन् जाऊ दे त्यायले घरी." जावेदभाईंनी वाकून एक बटण दाबलं आणि किल्ल्या उचलल्या.

बाबा रिकामा तांब्या ठेवायला माठाकडे वळले. दरवाज्यातून दुसरा एकजण आत आला. तो आमच्या हातातला नव्हता, त्याला कोणी बटण दाबलं नव्हतं, तो सिनेमातल्यासारखा आपोआप आला आणि त्यानं मागून दांडा घातला. आई ओरडली, "अहो, मांगं पाहा." जावेदभाई पटापट बटणं दाबत होते, काही उपयोग नव्हता. बाबा पडले. या वेळी "काहून मारता" म्हणाले नाहीत. सरळ म्हणाले, "शालू… शालू वं…" आणि गप्प झाले. तांब्या फरशीवरून गडगडत राहिला. पाणी प्या, किल्ल्या घ्या, काहीही करा, शेवट ठरलेला होता. आई उठली आणि चप्पल न घालताच चालू लागली. मी दोघींच्या चपला हातात घेऊन मागं निघाले. त्या दिवशी गल्लीत कोणीही आवाज काढला नाही.

घरी बाबा पोथीला कापड गुंडाळत होते. आईनं पाट मांडला आणि म्हणाली, "बसा इथं." ते बसले, तिचा चेहरा बघून कोणीही बसलं असतं. तिनं मीठ-मोहऱ्या मुठीत घेतल्या, त्यांच्या डोक्यावरून पायापर्यंत ओवाळल्या आणि चुलीत टाकल्या. चांगल्या तडतडल्या. मग ती त्यांच्यासमोर उभी राहिली, कमरेवर हात ठेवून, आणि मला वाटलं आता ही रडणार. ती म्हणाली, "इतके वरसं तुमच्या घरात राबून राहिली मी. अन् मरताना हाक मारली थे पोरीले. माहं नाव काय वाईट हाये?"

मला हसू आलं. मला खरंच हसू आलं, इतक्या दिवसांनी, आणि ते थांबेना. पण बाबा हसले नाहीत. त्यांचे डोळे भरून आले होते. म्हणाले, "तू पाह्यलं काय थे? ऐकलं?" आई म्हणाली, "दोघींनंबी ऐकलं." मग मी विचारलं, इतके दिवस पोटात ठेवलेलं, "काहून घेतलं माहं नाव? आणखी कोणाचं नव्हतं काय?"

बाबांनी पोथी बाजूला ठेवली. शूटिंग संपल्यावर त्या भाच्यानं त्यांना अकोल्यातल्या एका खोलीत नेलं होतं. भिंतींना रजया टांगलेल्या, दार बंद, पंखा बंद, घामानं जीव नकोसा झालेला. तोंडासमोर एक माईक. कशासाठी ते बाबांना काही उमगलं नाही. आवाज पाहिजे एवढंच कळलं. ते लोक सांगायचे, आता कोणी मारतंय असं समजा, ओरडा. बाबा ओरडले. मग म्हणाले, आता तुम्ही मरताय, पंडितजी, शेवटचा श्वास आहे, डोळे मिटा, जे तोंडात येईल ते बोला. "मी डोये मिटले," बाबा म्हणाले. "त्या बंद खोलीत मले खरंच वाटलं का आता मरतो. श्वास कोंडला. दवाखान्यातले सगळे लोक दिसाले लागले, ज्यायच्या कानाशी मी वाकलो होतो. मले मालूम होतं काय म्हनाचं थे. जलमभर तेच सांगत आलो लोकायले. अन् माह्या तोंडात राम आलाच नाई, पोरी. तुहं नाव आलं."

आई हळूच खाली बसली. बाबा मला सांगत होते, पण बघत होते देव्हाऱ्याकडे. "लगनं गेली, जाऊ दे. पोट्टे हसतात, हसू दे. पन मी कोन्या तोंडानं जाऊ दवाखान्यात? कोन्या तोंडानं सांगू त्यायले, राम म्हना म्हनून? मले सोताले जमलं नाई." पन्नास वर्षं संध्या न चुकवलेला माणूस माझ्यासमोर पाटावर बसून उपरण्याच्या टोकानं डोळे पुसत होता. मी इतके दिवस समजत होते की त्यांनी माझं नाव बाजारात मांडलं. त्या माणसाला मात्र वाटत होतं की त्याचा सगळा जन्म फुकट गेला, आणि त्याला कारण मी. मी उठले, तांब्या भरला, गुळाचा खडा घेतला आणि त्यांच्यापुढं धरला. ते प्यायले. दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

जावेदभाईंनी खेळ काढून टाकला आणि त्याच्या सीडीची तबकडी मला आणून दिली. दुसऱ्या कॅफेत तो होताच, पण पोट्ट्यांना तोवर गाड्या पळवायचा एक नवा खेळ मिळाला होता, त्यामुळे हा आपोआप जुना झाला. लोकही विसरले. एक-दोन बऱ्या पावसांनंतर लग्नं परत ठरू लागली आणि बाबांना बोलावणं येऊ लागलं, त्या म्हातारीकडूनही. दवाखान्यातही ते पुन्हा जाऊ लागले. पण एक बदल माझ्या ध्यानात आला होता, एकदा मी त्यांच्या सोबत गेले होते तेव्हा. ते खाटेजवळ वाकले, कानाशी तोंड नेलं आणि म्हणाले, "राम म्हना," आणि जरा थांबून, अगदी हळू, "नाई आलं तं राहू द्या. जे येते थे म्हना." तबकडी अजून माझ्या कपाटात आहे. आताच्या कॉम्प्युटरला ती घालायला जागाच नसते. मुलगा म्हणतो, आई, इंटरनेटवर कुठंतरी मिळेल, आजोबांचा आवाज तरी ऐकू. मी त्याला सांगितलं आहे की खबरदार शोधशील तर.

लग्न होऊन मी अकोल्याला आले. ती जिनिंग पाडून तिथं आता मंगल कार्यालय झालं आहे. माझ्याच पुतणीचं लग्न तिथं लागलं. बाबा गेले ते दुपारचे, घरी, एकटे असताना. आई शेजारी पापड लाटायला गेली होती. ती परत आली तेव्हा ते ओसरीवर आडवे होते आणि तांब्या कलंडून पाणी पायरीपर्यंत गेलेलं होतं. कोणी पाहुणा आला होता की त्यांना स्वतःलाच तहान लागली होती, कळलं नाही. मी पोचले तेव्हा ओसरी माणसांनी भरली होती. जो येई तो आईला म्हणे, पुण्यवान माणूस, रामनाम घेतच गेले असतील. आई प्रत्येकाला मान डोलवून म्हणायची, "हाव, रामच म्हनले असतीन."

सगळे गेल्यावर ती तोच तांब्या चिंचेनं घासत बसली होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले. तिनं वर न बघता विचारलं, "तुले हाक मारली असन त्यायनं. आली काय ऐकू?" तिच्या आवाजात तो जुना रुसवा थोडासा अजून होता. मी त्या वेळेला अकोल्यात गिरणीवर दळण घेऊन उभी होते. गिरणीच्या घरघरीत शेजारच्या बाईचं बोलणंसुद्धा मला कळत नव्हतं.

"हाव," मी म्हटलं. "आली."